कोर गेलेली केळी

मे महिना. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये पत्र्याखाली अकरालाच अंगाची लाही होत होती आणि दारात रिफर, म्हणजे आतून थंड ठेवलेला कंटेनर येऊन उभा. १३-१३ किलोचे दीड हजारांवर बॉक्स रात्रीपर्यंत भरायचे होते. माल आखातात जाणार होता.

तेव्हा मी नवा सुपरवायझर. पुण्यात शिकून आलेलो, त्यामुळे टोळीला 'रोटेशन' लावलं होतं. दर दोन तासांनी जागा बदलायची. घडाच्या फण्या काढणारा त्या धुवायच्या हौदावर, हौदावरचा पॅकिंगला. सगळ्यांना सगळं यायला हवं, असा माझा हट्ट.

त्या दिवशी पॅकिंगला एक मावशी आल्या. अबोल बाई, चहालासुद्धा बाजूला बसणाऱ्या. शेजारच्या पोराचे दहा बॉक्स होईपर्यंत यांचे तीन. वर टेबल सोडून तुरटीच्या हौदापाशी जायच्या आणि दुसऱ्याने पास केलेली फणी उचलून बाजूला ठेवायच्या. भांडण पेटलं. मी सगळ्यांसमोर त्यांना बोललो. आजही आठवलं की ओशाळल्यासारखं होतं.

त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, याची कोर गेली. हे वाटेतच पिकेल."

केळ्याच्या अंगावर कंगोरे असतात, तीच कोर. माल भरत आला की ते बुजतात, केळं गोल होतं. मला ती फणी इतर फण्यांसारखीच हिरवीगार दिसली. पण कंटेनरमध्ये एक केळं पिकायला लागलं की त्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्यांनाही पिकवतो. १३-१४ अंशांची थंडी त्याला नुसतं लांबवते. धोका नको म्हणून त्यांनी काढलेल्या ११ फण्या एका बॉक्समध्ये भरून माझ्या ऑफिसात ठेवल्या. खरं सांगायचं तर त्यांना चूक ठरवायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं आणि वास आला. ११ पैकी ९ फण्या पिवळ्या.

रोटेशनचा कागद मी त्याच दिवशी भिंतीवरून काढला. मावशींना हौदाच्या तोंडाशी, टोळीकडे पाठ करून, कायमची जागा दिली. पण तिथेही अडलं. शंका आली की त्या फणी हातात धरून थांबायच्या, बोलायच्या नाहीत. मागे टेबलं रिकामी आणि बायकांची कुजबुज सुरू. मग त्यांच्या शेजारी एक बडबड्या पोरगा उभा केला. पॅकिंगला तो निव्वळ बिनकामाचा, हात थांबायचा पण तोंड नाही. इथे त्याचं तोंडच कामाला आलं. "आक्का, दोन मिनिटं दम धरा, मावशी पाहू राहिल्या!" असं तो ओरडायचा, एखादा टोमणा हाणायचा आणि कुरबुर हसण्यावारी जायची.

खरी पंचाईत मजुरीची झाली. टोळीला पैसे बॉक्समागे मिळायचे. "मावशींनी बॉक्स भरले कुठं?" हा प्रश्न पहिल्याच शनिवारी आला, आणि प्रश्न खोटा नव्हता. मुकादमाने बराच वेळ तंबाखू मळली. मग माझ्या ऑफिसातला तो पिकल्या फण्यांचा बॉक्स आणायला लावून सगळ्यांमध्ये ठेवला आणि म्हणाला, "हे तिकडं निघालं असतं तं कोणाच्या मजुरीतून कापलं असतं?" वाटणी सारखी झाली. दोघी तरी अजून नाराज आहेत.

मावशी अजूनही चहा बाजूलाच घेतात. परवा माझ्या डब्यातलं केळं दुरूनच पाहून म्हणाल्या, "भाऊ, आजच खाऊन घ्या."