मत्स्यबीज सोडून ओओपू का वाढत नाहीत?

हवाई बेटांवरच्या ओढ्यांतल्या माशांचा विषय निघाला की मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: "मासे कमी झालेत ना, मग मत्स्यबीज तयार करून सोडत का नाही?" प्रश्न रास्त आहे. तळं असो की धरण, पावसाळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडायची आणि वर्षभराने जाळं टाकायचं, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, कारण उत्तर त्या माशाच्या आयुष्यक्रमात दडलंय आणि तो समजला की ओढ्याकडे बघायची नजरच बदलते.

हवाई बेटं ज्वालामुखीतून, भर समुद्रात वर आली. कुठल्याही खंडाशी ती कधी जोडलेली नव्हती, म्हणून रोहू, मरळ, मागूर यांच्यासारखे मासे तिथे आपणहून पोहोचणं शक्यच नव्हतं. पोहोचले ते समुद्रातून आलेले. ओढ्यातच संसार करणारे स्थानिक मासे फक्त पाच आणि पाचही जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. हवाईयन भाषेत त्यांना मिळून ओओपू म्हणतात: नाकेआ, नोपिली, आलामोओ, नानिहा आणि आकुपा. पहिले चार गोबी, म्हणजे तळाशी राहणाऱ्या छोट्या माशांच्या कुळातले आहेत. कोकणात खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहिली असेल, तर या गोबींची भाऊबंदच तुम्ही पाहिली आहे.

मादी ओढ्यातल्या दगडाला अंडी चिकटवते आणि नर राखण करतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम काही मिलिमीटरचं असतं. त्याच्या अंगाशी चार-पाच दिवस पुरेल एवढीच शिदोरी असते आणि तेवढ्या वेळात वाहत वाहत त्याला खारं पाणी गाठावं लागतं. ओढा वाहता असेल तर ते पोहोचतं. मध्येच पाणी अडून डबकं झालं असेल तर डबक्यातच उपाशी मरतं. समुद्रात ते काही महिने काढतं आणि दीड ते अडीच सेंटीमीटरचं झालं की गोड्या पाण्याच्या ओढीने एखाद्या ओढ्याच्या मुखाशी येतं. या परतणाऱ्या थव्यांना हिनाना म्हणतात. ज्या ओढ्यात जन्म झाला त्याच ओढ्यात ते परततं असं नाही, भलत्याच बेटावरही जाऊ शकतं.

हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज तयार करण्याच्या केंद्राचा, विचार इथेच अडखळतो. एवढ्या बारीक तोंडाच्या पिल्लाला महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात जिवंत खाद्य देऊन जगवणं अतिशय अवघड आहे. जमलं आणि मासे ओढ्यात सोडले, तरी त्यांची पुढची पिढी पुन्हा समुद्राकडेच निघणार. खालचा टप्पा कोरडा असेल तर दरवर्षी सोडत राहायचं आणि दरवर्षी गमवायचं. उलट, ओढा मुखापर्यंत वाहता केला तर बीज समुद्रातून आपसूक येतं. म्हणून माझं मत ठाम आहे: एका हॅचरीचा खर्च चार बंधाऱ्यांच्या दुरुस्तीवर घालावा.

बीज सोडण्याचा आणखी एक धोका आहे आणि तो हवाईने भोगलाय. 1905 मध्ये डास खायला टेक्सासहून गॅम्बुसिया मासा आणला गेला, पुढे गप्पीही आले. आपल्याकडे महापालिका टाक्यांत आणि हौदांत सोडतात तेच गप्पी. अशा परक्या माशांबरोबर कॅमॅलॅनस कोटी नावाचा आतड्यातला गोलकृमी आला आणि तो ओओपूंच्या पोटात शिरला. मासा सोडला की त्याच्या पोटातलंही सगळं ओढ्यात सोडलं जातं.

आता चढणीबद्दल. गोबींचे पोटाखालचे पर एकत्र जुळून वाटीसारखा चोषक झालेला असतो. नोपिलीचं पिल्लू गोड्या पाण्यात आलं की साधारण दोन दिवसांत त्याचं तोंड समोरून सरकून खालच्या बाजूला जातं. मग तोंड आणि पोटाचा चोषक आळीपाळीने चिकटवत ते ओल्या कातळावर इंच-इंच सरकतं. आलामोओ आणि नाकेआ छातीच्या परांच्या फटकाऱ्याने झेप घेतात आणि चिकटून दम खातात. हवाई बेटावरच्या अकाका धबधब्याची उंची 135 मीटर आहे आणि त्याच्या वरच्या ओढ्यात आलामोओ राहतो. नानिहा आणि आकुपा यांना धबधबा चढता येत नाही, ते पहिल्या धबधब्याच्या खालीच राहतात.

त्यामुळे चढणाऱ्या या माशांना उंच भिंतीची अडचण नसते. अडचण असते कोरड्या भिंतीची आणि पुढे आलेल्या काठाची. बंधाऱ्याचा माथा खालच्या भिंतीच्या पुढे आला असेल किंवा रस्त्याखालच्या मोरीचा पाइप अधांतरी सुटून पाणी हवेतून पडत असेल, तर चिकटायला ओली सलग जागाच उरत नाही. अशी अर्ध्या मीटरची मोरी 100 मीटरच्या धबधब्यापेक्षा वाईट. दुरुस्ती सोपी आहे: पाइपाच्या तोंडापासून तळापर्यंत दगड आणि काँक्रीटचा खडबडीत उतार बांधायचा आणि कोरड्या ऋतूतही त्यावरून पाण्याचा पातळ थर वाहील असं बघायचं. गुळगुळीत गिलावा करू नये, आणि उताराच्या शेवटी पुन्हा नवा काठ राहू देऊ नये. नेमकी हीच चूक वारंवार होते.

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र उसासाठी काढलेल्या कालव्यांनी केलं. डोंगराच्या ओल्या बाजूचे ओढे अडवून पाणी कोरड्या बाजूच्या मळ्यांत नेलं गेलं. अडवण्याची रचना साधी असते: पात्रात आडवी लोखंडी जाळी आणि तिच्याखाली कालवा. उन्हाळी प्रवाह पूर्ण जाळीतून खाली जातो, पुढचं पात्र कोरडं पडतं. समुद्राकडे निघालेली पिल्लं कालव्यात पडून शेतात जातात आणि वर चढणारी जाळीपर्यंत येऊन अडकतात. जुनी हवाईयन पद्धत वेगळी होती. अळूच्या वाफ्यांना ते लोक पाटाने पाणी देत आणि वाफ्यातून निघालेलं पाणी पुन्हा ओढ्याला मिळे. पाटाचं पाणी पाहिलेल्या कोकणी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मग ओढ्यात किती पाणी सोडायचं? याचं मोजमाप झालेलं आहे. हवाईतल्या माउई बेटाच्या पूर्व भागात अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2005 मध्ये दाखवलं, की पावसाचे लोंढे वगळून झऱ्यांचा जो मूळ प्रवाह असतो, त्याच्या मध्यकाच्या (मधल्या मूल्याच्या) 64 टक्के पाणी पात्रात ठेवलं तर नैसर्गिक अधिवासाचा सुमारे 90 टक्के भाग टिकतो. म्हणजे शेतीला काहीच द्यायचं नाही, असं कुणी म्हणत नाही. ना वाइ एहा, म्हणजे माउईतले चार प्रवाह, यांच्यासाठी तिथले रहिवासी आणि अळू पिकवणारे शेतकरी वर्षानुवर्षं लढले. 2010 मध्ये राज्याच्या जल आयोगाने त्यांपैकी वाइहेए आणि वाइएहू या दोन ओढ्यांत पाणी परत सोडायचा आदेश दिला. एकट्या वाइहेएचा वाटा रोज एक कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 3.8 कोटी लिटर. उरलेल्या दोन ओढ्यांसाठी 2014 मध्ये तडजोड झाली. ती माणसं खटली नसती तर आज मोजायला मासेच नसते.

मोजणीचं तंत्रही बीज सोडणाऱ्याला अनोळखी वाटेल. जाळं मोठ्या दगडांत अडकतं. विजेचा शॉक द्यावा तर गोबी तरंगत वर येत नाही, दगडाखालीच राहतो आणि मोजणीतून सुटतो. म्हणून डोळ्यांवर मुखवटा आणि तोंडात श्वास घ्यायची नळी लावून पाण्यात उताणं नव्हे, पालथं पडायचं आणि खालून वर सरकायचं. वरून खाली आलात तर तुम्ही ढवळलेला गाळ तुमच्याच पुढे वाहत जातो. आधी चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, नशिबावर सोडून ठिकाणं निवडायची, प्रत्येक ठिकाणी मासे परत बाहेर येईपर्यंत निश्चल थांबायचं, मग जात, लांबीचा गट, खोली आणि तळाचा प्रकार प्लास्टिकच्या पाटीवर लिहायचा. चांगले दिसणारे डोहच निवडले तर आकडा फुगतो. लोंढा येऊन गेल्यावर पाणी निवळेपर्यंत मोजणी करू नये. अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरूच नये, हवाईच्या ओढ्यांतही लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे. आणि डोंगरमाथ्यावर काळं दिसलं की बाहेर पडायचं, पाणी काही मिनिटांत वाढतं.

पाणी परत सोडल्यावर मासे आले की नाही हे मुखापासून बघत जावं. खालच्या टप्प्यात आकुपा आणि नानिहा, त्यावर नाकेआ, मधल्या वेगवान पाण्यात दगडावरचं शेवाळ खरवडणारा नोपिली, आणि सर्वांत वर आलामोओ. धबधब्याच्या तळाशी चिमुकले नोपिली दिसत असतील आणि वर एकही नसेल, तर आणखी पाणी मागण्याआधी मधला प्रत्येक काठ हाताने चाचपून बघावा. बहुतेक वेळा कुठेतरी वीतभर कोरडी जागा सापडते.