एरंडाच्या बीजात तेलाची साखर होते तेव्हा

कुंपणालगतच्या एरंडाच्या काही बिया मी गेल्या पावसाळ्यात ओल्या वाळूत रुजत घातल्या होत्या. कोरडे बी सोलून आतला पांढरा गर कागदावर चिरडला, तेव्हा कागद वाळल्यानंतरही तेलाचा पारदर्शक डाग राहिला. आठवड्याने मोड चांगले बोटभर लांब झाले, त्या वेळी गर मऊ, बुळबुळीत झाला होता आणि त्याचा डाग बराच फिका उमटला. (हे बी विषारी असते, हातमोजे घातल्याशिवाय हा उद्योग करू नये.)

‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणून ज्याची आपण थट्टा करतो, त्याच झाडाच्या रुजत्या बीजात हॅन्स कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स या शास्त्रज्ञांना १९५७ मध्ये ग्लायऑक्सिलेट चक्र, म्हणजे तेलाची साखर करण्याच्या वाटेवरच्या रासायनिक पायऱ्यांची साखळी, आढळले. पुढे १९६७ मध्ये ब्रायडेनबाख आणि बीव्हर्स यांनी हे चक्र ज्या कोशिकांगात (पेशीतल्या छोट्या अवयवात) चालते ते वेगळे काढले आणि त्याला ग्लायऑक्सिसोम असे नाव दिले.

पाठ्यपुस्तकात तेलाची साखर होण्याची ही कथा बहुधा अ‍ॅसिटाइल-कोएपासून (कोएन्झाइम-ए या वाहक रेणूला जोडलेल्या दोन कार्बनच्या तुकड्यापासून) सुरू होते. माझ्या मते खरी गंमत त्याच्या एक पायरी आधी आहे. मेदाम्ल (तेलातली कार्बनची लांब साखळी) असो वा अ‍ॅसिटेट (दोन कार्बनचे छोटे आम्ल), मोकळ्या स्थितीत पेशीला त्याचा फारसा उपयोग नसतो. कोएन्झाइम-ए जोडले गेल्यावरच ते व्यवहारात येते. त्यासाठी विकर (एन्झाइम) आधी एटीपी हे पेशीचे ऊर्जेचे चलन खर्चून त्या आम्लाचा एएमपीशी (एटीपीच्याच एका भागाशी) जोड तयार करते, उरलेले पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेटांची जोडी) बाहेर टाकते आणि मग एएमपीच्या जागी कोएन्झाइम-ए बसवते. पायरोफॉस्फेटही लगेच फुटते, म्हणजे प्रत्यक्षात दोन उच्च ऊर्जेचे बंध खर्ची पडतात. अठरा कार्बनच्या साध्या मेदाम्लाला ग्लायऑक्सिसोममध्ये हा खर्च एकदाच करावा लागतो. पुढे बीटा-ऑक्सिडेशनच्या (दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडणाऱ्या प्रक्रियेच्या) आठ फेऱ्यांत साखळी तुटताना प्रत्येक तुकड्याला नवे कोएन्झाइम-ए एटीपीशिवाय मिळते आणि नऊ अ‍ॅसिटाइल-कोए हाती येतात. हेच नऊ तुकडे मोकळे अ‍ॅसिटेट म्हणून आले असते, तर नऊ वेळा किंमत मोजावी लागली असती. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात ग्लायऑक्सिसोममधली मेदाम्ले सक्रिय करणारी दोन्ही विकरे (एलएसीएस-६ आणि एलएसीएस-७) निकामी केली, तर बी रुजते खरे, पण बाहेरून साखर दिल्याशिवाय रोप पुढे तग धरत नाही: घरात तेल भरलेले आणि चूल मात्र थंड.

ग्लायऑक्सिलेट चक्र क्रेब्स चक्रातल्या (पेशीत अन्न जाळून ऊर्जा देणाऱ्या नेहमीच्या चक्रातल्या) कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या दोन पायऱ्या टाळते, म्हणून दोन अ‍ॅसिटाइल-कोएंतले चारही कार्बन सक्सिनेट या चार कार्बनच्या आम्लाच्या रूपाने वाचतात. ते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) मॅलेट, पुढे ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होते. त्यापासून साखरेकडे वळताना चारांतला एकच कार्बन जातो आणि सुक्रोज तयार होऊन वाढत्या अंकुराला पोहोचते.

हरितलवकात, म्हणजे पानांतल्या हिरव्या कणांत, व्यवहार उलट्या दिशेचा असतो: तिथे मेदाम्ले तयार होतात. तिथेही अ‍ॅसिटेट सक्रिय करणारे विकर आहे, आणि वेगळ्या काढलेल्या हरितलवकांना किरणोत्सारी अ‍ॅसिटेट दिले की ते प्रकाशात झपाट्याने मेदाम्लांत जाते. यावरून अ‍ॅसिटेट हाच मेदाचा मुख्य कच्चा माल आहे, असे दीर्घकाळ वाटत होते. पण ते विकर नसलेल्या रोपांतही मेदाम्ले पुरेशी बनतात, कारण पायरुव्हेटपासून अ‍ॅसिटाइल-कोए बनवणारी वाट लवकातच आहे.

ग्लायऑक्सिसोममध्ये अ‍ॅसिटेट सक्रिय करणारे विकर शोधण्याची युक्ती मला फारच आवडली. संशोधकांनी अ‍ॅराबिडॉप्सिसच्या रोपांना फ्लुओरोअ‍ॅसिटेट दिले. हे स्वतः निरुपद्रवी, पण पेशीने त्याला कोएन्झाइम-ए जोडले की त्यापासून फ्लुओरोसिट्रेट बनते आणि क्रेब्स चक्रातले अकोनिटेज हे विकर बंद पडते. साधी रोपे मेली. जी जगली, त्यांच्यातल्या काहींना अ‍ॅसिटेट वापरताच येत नव्हते, आणि त्यांच्यातूनच हे विकर हाती लागले.