दोन डाइव्ह आणि रात्रीची बस

आज मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी दोन स्कूबा डाइव्ह, दोन्ही १८ मीटर खोलीपर्यंत. परतताना बोटीवर एकच चर्चा: रात्रीची पुण्याची बस धरायची का? नाही. अंकोल्याहून घाट चढला की हुबळी सहाशे मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब सातेक टक्के कमी, आणि पाण्याखालच्या दाबाने अंगात मुरलेला नायट्रोजन अजून पुरता निघालेला नसतो; दाब घटला की त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखू शकतात. दिवसात दोन डाइव्ह झाल्या की विमानाआधी किमान १८ तास थांबतात. या घाटालाही तोच हिशोब लावा. 'बस म्हणजे काय विमान आहे का' हे सांध्यांना कळत नाही.

हवेचा हिशोब मात्र पाण्यात उतरण्याआधी. १८ मीटरवर दाब पाण्याबाहेरच्या २.८ पट, आणि हवाही तितक्याच पट लागते. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरा; जोडीदाराची हवा संपली तर एकाच सिलिंडरवर दोघांचे ६०. खाली सावरायला एक मिनिट: १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटरने वर यायला दोन मिनिटं, दाब सरासरी १.९ पट: २२८. वाटेत नायट्रोजन निघावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, दाब १.५ पट: २७०. बेरीज ६६६, म्हणजे ११ लिटरच्या सिलिंडरात सुमारे ६० बार (सिलिंडरमधल्या हवेचा दाब). '५० बार उरले की वर निघू' हे इथे तोकडं पडतं.

आणि तो थांबा बिघडतो कशाने? बऱ्याचदा पट्ट्यातल्या कमी वजनाने. ॲल्युमिनियमचा सिलिंडर संपत आला की दोनेक किलोने हलका होऊन तरंगायला बघतो, बीसीडीतली (तरंगणं सांभाळणाऱ्या हवेच्या जॅकेटातली) हवा वर येताना फुगते, माणूस बुचासारखा वर. सिलिंडर हवेने भरलेला असताना वजन तपासलं असेल तर कमरेच्या पट्ट्यात दोन किलो वाढवा.