तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या सीएनसीवर आधी काय बघायचं?

"काका, मशीन जोडून झाली. आता पहिलं काय कापू?" भोसरीच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला आयटीतली पोरं हे हमखास विचारतात. बहुतेकांकडे ३०१८ ही छोटी सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर कापणारी मशीन) असते, म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटरच्या जागेत काम करणारी. माझं उत्तर ठरलेलं: आज काहीच कापू नका.

कारण ही मशीन आंधळी आहे. कंपनीतल्या सर्व्हो मोटरला एन्कोडर असतो, ती कुठवर फिरली हे तो कंट्रोलरला सारखं कळवत राहतो. तुमच्या स्टेपरला, म्हणजे एकेक स्टेप फिरणाऱ्या मोटरला, तो नाही. कंट्रोलर बोर्ड मोजून पल्स (विजेचे ठोके) पाठवतो आणि मोटर तेवढी फिरलीच असं धरून चालतो. मध्ये ती अडकली, कपलिंग (मोटर आणि स्क्रूला जोडणारा तुकडा) घसरलं, तरी त्याला पत्ता नाही. उरलेली नक्षी बाजूला सरकून सुबकपणे पूर्ण होते! म्हणून आधी ॲलन की घ्या आणि कपलिंगचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे बारीक स्क्रू) आवळा. मोटरच्या शाफ्टला (दांड्याला) सपाट बाजू असेल तर एक स्क्रू तिच्यावरच बसवा.

मग अक्ष १०० मिलिमीटर सरकवून मोजा. ९९.७ भरलं की लोक लगेच सेटिंगमधला 'मिलिमीटरला किती स्टेप' हा आकडा बदलायला बसतात. मला हे अजिबात पटत नाही. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, प्रत्येक स्टेपचे १६ बारीक भाग (मायक्रोस्टेप) आणि स्क्रूची चाल, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारं अंतर, ८ मिलिमीटर असेल, तर ३२०० भागिले ८, मिलिमीटरला ४००. हा हिशेब आहे, त्यात अंदाज कुठेच नाही. अंतर थेट अर्धं किंवा दुप्पट आलं तरच आकडा चुकलेला. थोडंसं कमी भरत असेल तर स्क्रूवरच्या नटात प्ले (ढिलेपणा) आहे. त्याच जागी उलट दिशेनं येऊन मोजा, लगेच दिसेल. आकडा बदलून प्ले जात नाही.

बिटच्या (कापणाऱ्या हत्याराच्या) जागी बॉलपेन बांधा आणि १०० मिलिमीटरचा चौकोन काढा. दोन्ही कर्ण १४१.४ भरायला हवेत. एक मोठा, एक छोटा आला तर गॅन्ट्री (बिट धरणारी आडवी चौकट) तिरकी आहे. बोल्ट सैल करून गुण्या लावा.

आता बिट. नवशिका घाबरून फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवतो आणि तिथेच फसतो. दोन धारांची बिट १०,००० आरपीएमवर फिरत असताना फीड मिनिटाला १०० मिलिमीटर ठेवलात, तर एका धारेच्या वाट्याला ०.००५ मिलिमीटर लाकूड येतं. एवढ्यात धार कापत नाही, नुसती घासते. जळका वास, काळी कड, धार खलास. तेच ६०० ला ०.०३ येतं. छोट्या मशीनला भीती वाटत असेल तर कापण्याची खोली कमी करा, फीड नको. पिठासारखी धूळ न पडता दाणेदार भुसा पडला की जमलं. (एमडीएफला धूळच पडते. मास्क लावा, आणि गॉगल तर कायमच.)

भवानी पेठेतून आणलेला प्लाय पावसाळ्यात हमखास वाकतो. जॉब (कापायचा तुकडा) मध्यभागी अर्धा मिलिमीटर उचललेला, उंची तिथेच धरलेली आणि तुमची नक्षी ०.३ मिलिमीटर खोल, तर कडेला बिट हवेतच फिरणार. खाली एमडीएफचा तक्ता टाका, तो मशीनवरच एकदा फेस करून (वरून पातळ थर कापून सपाट करून) घ्या आणि जॉब त्यावर चारी बाजूंनी दाबा. क्लॅम्प बिटच्या वाटेत येतात का, हे झेड (उभा अक्ष) उंच ठेवून प्रोग्रॅम एकदा हवेत चालवला की दिसतं.

आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पुणेकरांना सांगायला नको. वीज गेली की बोर्ड जागा विसरतो, आणि लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला लागणारे स्विच) नसतील तर होमिंगही, म्हणजे ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन जागा पुन्हा शोधणंही, करता येत नाही. म्हणून लांबलचक कामाच्या आधी, झीरोच्या जागी (जिथून मशीन मोजायला सुरुवात करते तिथे) तक्त्यात त्याच बिटनं एक बारीक भोक पाडून ठेवा. वीज आल्यावर हातानं बिट त्यात उतरवली की एक्स-वायचा झीरो परत मिळतो. झेड तेवढा बिट आणि जॉबमध्ये कागद सरकवून पुन्हा घ्या.