रॉस्किल्डची पाच जहाजं

कोपनहेगनला जाणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. न्यूहावनची रंगीत घरं, जलपरीचा पुतळा, टिव्होली गार्डन आणि वेळ उरलाच तर एखादा राजवाडा. त्यातून एक अख्खा दिवस काढा आणि रॉस्किल्डला जा, असं मी भेटेल त्याला सांगते. लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. डेन्मार्कमधला पहिला लोहमार्ग १८४७ साली याच दोन गावांमध्ये टाकला गेला, आणि स्टेशनची इमारत अजूनही त्याच काळातली आहे.

मी गेले ते २०१९च्या उन्हाळ्यात, माझ्या ताईबरोबर. ताई बरीच वर्षं तिकडेच राहते. "आधी कॅथीड्रल बघू, मग खाली फ्योर्डवर जाऊ," असा तिचा बेत होता. मी तो उलटा करायला लावला, कारण मला आधी तिथल्या संग्रहालयातली व्हायकिंगांची, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांची, जहाजं बघायची होती. गावातून उतरत जाणाऱ्या बागेतून पंधरा मिनिटं चाललं की समोर फ्योर्डचं पाणी येतं. समुद्राचा हा चिंचोळा फाटा जमिनीत सुमारे ४० किलोमीटर आत शिरलेला आहे आणि त्याच्या शेवटच्या टोकाला रॉस्किल्ड वसलंय. हजार वर्षांपूर्वी हे डेन्मार्कमधलं फार मोठं ठाणं होतं. राजाचा वाडा इथे, बिशपची गादी इथे, आणि समुद्राकडून यायचं तर वाट एवढी एकच.

ही वाट शत्रूलाही तेवढीच सोयीची होती. म्हणून अकराव्या शतकात, १०७०च्या सुमारास, इथल्या लोकांनी गावाच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, स्कुल्डेलेव गावाजवळच्या खोल पाण्याच्या अरुंद वाटेत आपलीच जुनी जहाजं दगडांनी भरून बुडवली. वाट बुजली, धोका टळला. पुढे मूळ कारण विस्मरणात गेलं. पाण्याखाली काहीतरी आहे हे मच्छीमारांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. पण ते पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या मार्ग्रेटे राणीचं जहाज असावं, अशी तिकडे समजूत होती. १९५७ ते १९५९ या काळात पाण्यात बुडी मारणाऱ्या संशोधकांनी तळ तपासला तेव्हा कळलं, की हा ऐवज मार्ग्रेटेच्याही तीनशे वर्षं आधीचा, थेट व्हायकिंग काळातला आहे.

१९६२ साली त्या जागेभोवती लोखंडी पत्र्यांची भिंत ठोकून आतलं पाणी उपसलं. चिखलातून निघालेलं लाकूड वाळलं तर तडकून नष्ट होईल, म्हणून त्यावर सतत पाण्याचे फवारे मारत चार महिन्यांत सगळं बाहेर काढलं. हजारो तुकडे निघाले. लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या एका रसायनात ते बराच काळ मुरवले आणि मग एकेक जोडत पाच जहाजं उभी केली. त्यांच्यासाठी फ्योर्डच्या काठावर बांधलेला काँक्रीटचा हॉल १९६९ साली उघडला. जहाजांना दिलेले क्रमांक एक ते सहा आहेत, पण चार नंबर नाही. सुरुवातीला जे चौथं वाटलं, ते नंतर दोन नंबरच्या जहाजाचाच भाग निघालं!

हॉलमध्ये शिरताच समोर काचेची मोठी भिंत आणि तिच्यापलीकडे पाणी दिसतं. काळीभोर पडलेली जहाजं त्या उजेडासमोर उभी आहेत. जिथलं लाकूड मिळालं नाही तिथे पोलादाच्या पट्ट्या वाकवून मूळ आकार दाखवलाय, खोटं लाकूड घातलेलं नाही. जे आहे ते दाखवायचं आणि नाही त्याची जागा मोकळी ठेवायची, हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

व्हायकिंग म्हटलं की आपल्यासमोर येतात ते लुटारू, कुऱ्हाडी आणि जळणारे मठ. लूटमार खरीच होती, ती नाकारायचं कारण नाही. पण या हॉलमधल्या पाचांपैकी फक्त दोन युद्धनौका आहेत. पहिलं जहाज पश्चिम नॉर्वेमध्ये पाइनच्या लाकडाचं बांधलेलं, खुल्या समुद्रावरचं मालवाहू. सहा-आठ माणसं ते चालवायची आणि त्यात वीस टनांहून जास्त माल मावायचा. तिसरं १४ मीटरचं, ओकचं, किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणारं. सहावं मुळात मासेमारीची होडी. तिच्या कडेला पुढे आणखी एक फळी चढवून तिची काठं उंच केली आणि तिला मालवाहू बनवलं.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती पाचव्या जहाजापाशी. ही १७ मीटर लांबीची छोटी युद्धनौका. राजाने हाक दिली की शेतकऱ्यांनी माणसं आणि जहाज पुरवायचं, अशी तेव्हा पद्धत होती. ही नौका त्या कामाची असावी असं अभ्यासक मानतात. बांधतानाच तिच्यात दुसऱ्या जहाजांच्या जुन्या फळ्या वापरल्यात. त्या फळ्यांना आधीच्या जहाजातली, आता बिनकामाची झालेली भोकं आहेत आणि ती लाकडाच्या गुट्ट्या ठोकून बंद केलीत. वर नंतरच्या दुरुस्त्या आहेतच. कोकणात जुनं घर उतरवल्यावर त्याचे चांगले वासे निवडून नव्या घराला लावतात, तसाच हा हिशेब. ज्यांच्या नावाने युरोपभर थरकाप व्हायचा त्यांच्या घरी ओकची एक फळीसुद्धा वाया जात नव्हती. हे जहाज पार थकेपर्यंत चालवलं आणि अगदीच निरुपयोगी झाल्यावर गावाच्या रक्षणासाठी दगड भरून तळाला घातलं.

दुसऱ्या जहाजाची गोष्ट वेगळी. तीस मीटर लांब, साठ वल्ह्यांचं, सरदारांनी मिरवावं असं. लाकडातल्या वर्तुळांवरून असं निघालं, की त्याचे ओक १०४२ साली आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या परिसरात तोडले होते. डब्लिन तेव्हा नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांचं बंदर होतं. म्हणजे आयरिश जंगलातलं झाड समुद्र ओलांडून डेन्मार्कच्या एका फ्योर्डच्या तळाशी येऊन विसावलं. संग्रहालयाच्या सुतारांनी २००० ते २००४ या काळात त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधली. साठेक जणांचा ताफा २००७ साली ती घेऊन बहुतांशी शीड आणि वल्ह्यांच्या बळावर स्कॉटलंडला वळसा घालून डब्लिनला गेला आणि पुढच्या वर्षी इंग्लिश खाडीतून परत आला. ही प्रतिकृती बाहेर धक्क्याला बांधलेली असते. तिच्या शेजारी उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतो तो ठेंगणेपणा. उंच जहाजाची कल्पना मनात असते आणि समोर पाण्यालगत लवलवणारी एक लांबलचक, सडपातळ होडी असते. साठ माणसं यात उघड्यावर, पावसापाण्यात झोपायची.

हॉलच्या बाहेर बोटयार्ड, म्हणजे होड्या बांधायचं आवार, आहे आणि माझ्या मते रॉस्किल्डचा खरा जीव तिथे आहे. आम्ही गेलो तेव्हा तिसऱ्या जहाजाची नवी प्रतिकृती बांधायचं काम चालू होतं. आधीची, १९८४ साली पूर्ण झालेली, तीस-एक वर्षं पाण्यात राहून थकली होती. डांबराचा, म्हणजे पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबराचा, वास सगळीकडे भरून होता. एक सुतार ओकच्या फळीवर बसून रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने ती तासत होता. करवत त्यांच्या जुन्या हत्यारांत नाही. ओंडक्यात पाचरी ठोकून तो आधी अर्धा, मग पाव, मग आणखी बारीक, असा गाभ्यापासून सालीकडे फोडत जातात. त्यामुळे लाकडाचे तंतू तुटत नाहीत आणि फळी पातळ असूनही चिवट राहते. करवतीने आडवेतिडवे तंतू कापले की ती ताकद जाते.

मी विचारलं, "ही फळी किती जाड ठेवायची, हे कसं ठरवता?" त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि मला फळीवरून हात फिरवायला सांगितलं. कडेला ती बोटाएवढी जाड होती, मध्ये आणखी पातळ. "मूळ जहाजाच्या फळीवर कुऱ्हाडीच्या खुणा आहेत," तो म्हणाला. "त्या मोजून आम्ही पात्याची रुंदी ठरवली. बाकीचं त्यांच्याकडूनच शिकतो."

कोकणात होडीच्या फळ्या कडेला कड भिडवून बसवलेल्या आपण बघतो. इथे खालच्या फळीवर वरची थोडी चढवतात, मध्ये डांबरात बुडवलेली लोकर घालतात आणि लोखंडी खिळा आरपार ठोकून आतून त्याचं टोक चकतीवर बसवतात. आधी बाहेरचं कवच, मग आतल्या फासळ्या. असं कवच लाटेबरोबर थोडं वाकतं, मोडत नाही. शीडसुद्धा लोकरीचं असायचं.

उन्हाळ्यात पारंपरिक होडीतून फ्योर्डवर जाता येतं, पण प्रवासी म्हणून नुसतं बसून राहता येत नाही. वल्ही प्रत्येकाच्या हातात देतात. वल्हं दोरीच्या फासात अडकवलेलं असतं आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघून ताल धरायचा असतो. बंदराबाहेर आल्यावर चौकोनी शीड सगळ्यांनी मिळून ओढून चढवलं. वारा भरला तशी होडी एका बाजूला जरा कलली आणि तळाच्या फळ्या पायांखाली हलताना स्पष्ट जाणवल्या. ताईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, आणि ती आनंदाने हसत होती.

संध्याकाळी टेकडी चढून कॅथीड्रलला गेलो. लाल विटांचं हे देऊळ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिशप अ‍ॅब्सालोनच्या काळात सुरू झालं आणि १९९५पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. डेन्मार्कचे चाळीसच्या आसपास राजे-राण्या इथे पुरलेत. या जागेवरचं पहिलं चर्च लाकडी होतं आणि ते हॅराल्ड ब्लूटूथ राजाने दहाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं असं मानतात. आपल्या फोनवरचं ब्लूटूथचं चिन्ह याच राजाच्या आद्याक्षरांचं, जुन्या रून लिपीतली दोन अक्षरं जोडून केलेलं आहे.

इथली एक गोष्ट ताईला पाठ होती. १०२६ साली डेन्मार्कच्या क्नूट राजाचा मेहुणा उल्फ याला राजाच्याच हुकमावरून इथल्या चर्चमध्ये मारलं. सागांमध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या कथांमध्ये, म्हटलंय की आदल्या रात्री दोघांचं पटावरच्या खेळावरून भांडण झालं होतं. उल्फची विधवा एस्ट्रिड म्हणजे राजाची बहीण. परंपरा सांगते, की नुकसानभरपाई म्हणून मिळालेल्या जमिनीतून तिने इथे दगडी चर्च उभारवलं. तिचा मुलगा स्वेन पुढे राजा झाला आणि आईच्या नावाने ओळखला गेला: स्वेन एस्ट्रिडसन. फ्योर्डमध्ये जहाजं बुडवली गेली ती याच्याच कारकिर्दीत. त्याच्या अस्थी कॅथीड्रलच्या एका खांबात आहेत. समोरच्या खांबातल्या अस्थी एस्ट्रिडच्या असं शतकानुशतकं मानलं जाई, पण डीएनए तपासल्यावर ती स्त्री त्याची आई असू शकत नाही हे सिद्ध झालं. ती कोण, हा प्रश्न उघडाच आहे.

मुख्य वेदीच्या मागे मार्ग्रेटे राणीची शुभ्र शवपेटी आहे. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन १३९७ साली एका छत्राखाली आणणारी ही बाई. तिच्या नावावर स्कुल्डेलेवचं ते बुडालेलं जहाज लोकांनी उगाच चढवलं नसणार. पाण्याखालच्या मोठ्या गोष्टीला लोकांना मोठंच नाव द्यावंसं वाटतं.

मराठी माणसाने मात्र चौथ्या क्रिश्चन राजाच्या कक्षात आवर्जून थांबावं. दारातच लोखंडाची अप्रतिम जाळी आहे. ती घडवणाऱ्या कास्पर फिंके या लोहाराने तिच्यावर स्वतःचं नाव घातलंय. राजांच्या या गर्दीत एका कारागिराचं नाव वाचून मला बरं वाटलं. आत भिंतीवर राजाचं मोठं चित्र आहे: १६४४च्या सागरी लढाईत एक डोळा गमावूनही डेकवर उभा असलेला. याच राजाच्या सनदेने १६१६ साली डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिची जहाजं १६१८ साली कोपनहेगनहून निघाली आणि १६२०मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार होऊन तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला डॅनिश वसाहत झाली. नायकाचं सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलं पत्र डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेलं आहे. पुढे १६७०च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि तरंगंबाडीचे डॅनिश लोक मराठ्यांना खंडणी देऊ लागले. १८४५ साली डॅनिशांनी ती वसाहत इंग्रजांना विकली. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे ज्यांच्या देखरेखीखाली शिकले त्या श्वार्ट्झ पाद्रींच्या भारतातल्या कामाची सुरुवातही तरंगंबाडीलाच झाली. तंजावरचा मराठी दरबार आणि बाल्टिकच्या तोंडाशी असलेलं हे राज्य यांच्यात शंभराहून जास्त वर्षं व्यवहार होता, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याची एक ओळही नाही. ही उणीव भरून निघायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर काही गोष्टी: होडीची फेरी फक्त उन्हाळी हंगामात असते. लग्न किंवा अंत्यविधी असेल तर कॅथीड्रल पर्यटकांना बंद ठेवतात, म्हणून वेळ आधी बघा. जहाजांचा जुना हॉल पाण्याच्या माऱ्याने खचत चाललाय. २०१३च्या डिसेंबरातल्या वादळात फ्योर्डचं पाणी दोन मीटरहून जास्त चढलं होतं आणि जहाजं थोडक्यात वाचली. त्यांच्यासाठी नवीन इमारतीची योजना आहे, तेव्हा तुम्ही जाल त्या वेळी पाचही जहाजं बघायला मिळणार का, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नक्की करून घ्या. आणि बोटयार्डसाठी किमान दोन तास हाताशी ठेवा.