बाळ रडतं ते विमान उतरताना

विमानात रडणाऱ्या बाळांवरून सुट्ट्यांच्या दिवसांत हमखास भांडण जुंपतं. कुणीतरी व्हिडिओ टाकतं, खाली दोन तट पडतात आणि 'पोरंवाल्यांना वेगळं बसवा' ही मागणी पुन्हा वर येते. काही कंपन्यांनी ती केव्हाच उचललेली आहे. एअरएशिया एक्सने २०१३ मध्ये शांत रांगा काढल्या. इंडिगोने २०१६ मध्ये १ ते ४ आणि ११ ते १४ या रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या. त्यातल्या १२ आणि १३ आपत्कालीन दरवाज्यांच्या, तिथे तसंही मुलांना बसवत नाहीत. कोरेंडनने २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम–क्युरासाओ मार्गावर सोळा वर्षांवरच्यांसाठी वेगळा भाग केला, जादा आकार ४५ युरोंपासून पुढे. पण इंडिगोच्या ए३२० विमानात चौथ्या रांगेनंतर थेट पाचवी येते. मध्ये भिंत नाही, आवाज काही रांगेचा नंबर बघून थांबत नाही.

बाळ रडतं कशाने, हे या भांडणात कुणी विचारत नाही. भूक, झोप, अनोळखी जागा ही कारणं आहेतच, पण शेवटच्या अर्ध्या तासातल्या रडण्याचं मूळ बऱ्याचदा कानात असतं. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. विमान चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना उलट होतं: बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, आणि घशाकडून कानात जाणारी नळी गिळल्याशिवाय किंवा जांभई दिल्याशिवाय उघडत नाही. तान्ह्या बाळाची ही नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली असेल तर तीही सुजलेली.

म्हणून टेकऑफलाच सगळं दूध पाजून टाकणं हा फसणारा बेत. पोट भरतं, बाळ झोपतं आणि नेमकं उतरताना उपाशीही नसतं, जागंही नसतं. झोपेत गिळणं कमी होतं, मग कान ठणकून जाग येते आणि भोंगा सुरू. निम्मं दूध राखून ठेवा. मुंबई–नागपूरसारख्या सव्वा तासाच्या उड्डाणात पन्नासेक मिनिटांनी विमान उतरायला लागतं. इंजिनाचा आवाज एकदम मवाळ होतो, नाक किंचित खाली जातं. पाजायला सुरुवात तेव्हाच करायची. 'पट्टे बांधा, लवकरच उतरत आहोत' ही घोषणा होईपर्यंत थांबलात तर बराच दाब वाढून गेलेला असतो. बाळ झोपलं असेल तर उठवा, जिवावर आलं तरी. पाजताना त्याचं डोकं जरा उंच धरा. दूध नको असेल तर चोखणी, मोठ्याला घोटघोट पाणी. सर्दी असेल तर आधी सलाइनचे थेंब घालून नाक मोकळं करा, आणि कान दुखत किंवा वाहत असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना दाखवाच.

झोपेसाठी अ‍ॅलर्जीचं औषध पाजण्याचा सल्ला घरातलीच मंडळी देतात. तो ऐकू नका. इतक्या लहान वयात ते धोक्याचं असतं, आणि काही मुलं त्याने झोपण्याऐवजी जास्तच उधळतात.

स्ट्रॉवाला सिपर जमिनीवर घट्ट बंद केलेला असेल तर वर गेल्यावर झाकण उघडताच पाण्याची चिळकांडी उडते. आत जमिनीवरच्या दाबाची हवा कोंडलेली, बाहेर त्याच्या साधारण तीन चतुर्थांश दाब. ती हवा पाणी स्ट्रॉतून वर ढकलते. अर्धा रिकामा सिपर जास्त उडतो, कारण त्यात हवा जास्त. आधी मुख्य झाकण थोडं सैल करायचं, मग स्ट्रॉ उघडायची. शेजारच्याच्या शर्टावर पाणी उडून सुरू होणारे वाद एवढ्याने टळतात. पावडरचं दूध असेल तर मोजलेली पावडर कोरडी ठेवा आणि पाणी ऐनवेळी घाला. विमानात मिळणारं गरम पाणी चहाचं असतं, तान्ह्याला देण्याजोगं व्हायला वेळ लागतो. निवलेलं उकळलेलं पाणी सोबत असू द्या. उड्डाण रखडेल हे धरून दोन वेळचं जास्तीचं घ्या. उशीर झाल्यावर कंपनी खायला देते ते मोठ्यांचं.

सीटबद्दल आपल्याकडे एक चांगली गोष्ट झाली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाशेजारी सीट द्या आणि त्याची नोंद ठेवा, असं डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावलं. अट एकच, तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवं. आईचं तिकीट ऑफिसने काढलं आणि मुलाचं घरून काढलं, तर काउंटरवर नियमाचा आधार राहत नाही.

वेगळी सीट न घेता मांडीवर बसवलेल्या बाळाचा प्रश्न मात्र तसाच पडून आहे, आणि माझ्या मते भांडायचंच तर यावर भांडावं. दहा किलोचं मूल जोरदार हादऱ्यात हातात धरून राहत नाही. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सचं उड्डाण क्रमांक २३२ कोसळलं तेव्हा मांडीवरची चार मुलं जमिनीवर ठेवायला सांगितली होती. त्यातलं एक दगावलं. अमेरिकेचं अपघात-तपास मंडळ तेव्हापासून वेगळी सीट सक्तीची करा म्हणतंय. तिथलं विमान वाहतूक नियामक एफएए म्हणतं, बाळाचं तिकीट घ्यावं लागलं तर लोक गाडीने जातील आणि रस्त्यावर जास्त मरतील. युक्तिवाद अगदीच फालतू नाही, पण मुंबईहून न्यूयॉर्कला कोण गाडीने जाणार?

मांडीवर बसवणारच असाल तर स्वतःचा पट्टा दोघांभोवती कधीही आवळू नका. धक्क्यात तुमचं सगळं वजन बाळावर येतं. तुमच्या पट्ट्याला अडकवायचा बाळाचा जोडपट्टा मिळतो का ते विचारा. युरोपात तो सक्तीचा आहे, अमेरिकेत टेकऑफ-लँडिंगला चालत नाही. जुळी असतील तर दोघांना एकाच बाजूच्या तीन सीटांत मांडीवर घेता येत नाही, कारण तिथे जादा ऑक्सिजन मास्क एकच असतो. वेगळी सीट घेतली असेल तर साधारण दहा ते वीस किलोच्या मुलासाठी केअर्स (CARES) नावाचा खांद्यावरून येणारा पट्टा उपयोगी पडतो. कंपनी तो चालवते का, हे तिकीट काढण्याआधी लेखी घ्या.

परदेशी जाणाऱ्यांनी वाढदिवसाची तारीखही बघावी. जाताना तेवीस महिन्यांचं असलेलं मूल परतताना दोन वर्षांचं झालं असेल, तर परतीला त्याला स्वतःची सीट लागते, आणि ऐनवेळी काढलेलं एकेरी तिकीट कधीकधी दोन्हीकडच्या तिकिटाइतकं पडतं.