थांबा नाही

परवा दुपारी लाईट गेली, बाहेर धो धो पाऊस, करायला काही नाही, म्हणून पुतणीचा पृथ्वीगोल मांडीवर घेतला आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढून उगाच अंतरं मोजत बसलो. म्हटलं मोजायचंच तर जरा अडनिडं मोजूया. एक टोक ईस्टर आयलंड, ते दगडी पुतळेवालं, चिलीपासून साडेतीन हजारांवर किलोमीटर आत पॅसिफिकमधे. दुसरं सेंट हेलेना, अटलांटिकच्या पार मधे, नेपोलियनला नेऊन ठेवलेलं ते. दोन्हीकडे विमानतळ आहेत हां.

दोरा ताणला आणि तेवढाच विषुववृत्तावर ठेवून बघितला तर पाव वर्तुळापेक्षा थोडा जास्त भरला. अख्खं वर्तुळ ४०,००० किलोमीटरचं, म्हणजे हे झालं साधारण १०,५००. जेट विमानाला बारा-तेरा तास. झालं!

पण असं विमानच नाही ना. गंमत म्हणजे दोरा जवळजवळ सँटियागोवरूनच गेला, आणि ईस्टरहून विमान येतं तेही सँटियागोलाच, पाचेक तासांत, म्हणजे इथवर सगळं सरळ रेषेत. पुढे घोळ. सेंट हेलेनाला विमान जातं ते जोहान्सबर्गहून, म्हणजे अख्खा अटलांटिक ओलांडून बेटाच्या पुढे निघून जायचं, आफ्रिकेत उतरायचं आणि साधारण ३,७०० किलोमीटर मागे यायचं, तेही रोज नाही, आठवड्यात एखादं विमान असतं त्याची वाट बघत बसायचं. तरी ही चैनच म्हणायची, २०१७ च्या आधी केपटाऊनहून बोटीने पाच-सहा दिवस लागायचे. विमानतळ बांधून झाला तर वारा विमान नीट उतरू देईना, त्यात आणखी वर्षभर गेलं.

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. आमचं घर कोकणात ओरोसला. आमच्या सिंधुदुर्ग स्टेशनला मुंबईच्या कितीतरी गाड्या थांबत नाहीत, पहाटे बॅग घेऊन दारात उभं राहायचं, आपलं स्टेशन धडधडत मागे जाताना बघायचं, पुढच्या कुडाळला उतरायचं, रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची आणि परत मागे. एकदा तर काका छत्री घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही गाडी थांबत नाही. मी दारातून हात केला, त्यानेपण केला, गाडी गेली.

आता २०२१ पासून चिपीला विमानतळ आहे, मुंबईहून विमान असेल तर तास-सव्वा तास म्हणतात. चिपीहून घरापर्यंतचं मात्र त्यात कोण धरत नाही.

आईला गोल दाखवला, म्हटलं, "बघ, हयसून थंय तेरा तास."

"थांबता मां पण थंय?"

म्हटलं नाही, पुढे जाऊन मागे यायचं.

"मगे कुडाळाकच उतरूचा लागता म्हण," म्हणाली आणि दोरा मागून घेतला, बटण लावायचं होतं तिला.